मुद्दाम राखलेली उणीव

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने बखरी आणि तहनामे बाजूला ठेवून व्हिडिओ गेमवर बोलावे, आणि त्यातही भुताखेतांच्या गेमवर, हे काही बरे लक्षण नव्हे! पण ज्या वस्तूला तीस-पस्तीस वर्षांची परंपरा आहे, जिच्यात घराणी आहेत, उसनवारी आहे, ऱ्हास आहे आणि पुनरुज्जीवनही आहे, तिला इतिहास नाही असे म्हणता येत नाही. शिवाय या इतिहासात एक कोडे आहे, आणि ते मला बरेच दिवस स्वस्थ बसू देत नव्हते.

कोडे असे. २०२२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात 'सिग्नॅलिस' नावाचा एक गेम बाहेर आला. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरच्या युरी स्टर्न आणि बार्बरा विटमन या दोघांनी कित्येक वर्षे खपून तो तयार केला होता. तोपर्यंत यंत्रांची मजल अशी गेली होती की, पडद्यावरच्या माणसाच्या दाढीचा एकेक केस वेगळा दिसावा. आणि या दोघांनी काय केले? चित्र मुद्दाम खरबरीत ठेवले. खेळणाऱ्याला जवळ बाळगायला फक्त सहा वस्तूंची मुभा दिली. गोळ्या मोजून मापून दिल्या. थोडक्यात, पंचवीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांना जे जमत नव्हते म्हणून करावे लागले होते, ते यांनी सगळे जमत असताना हौसेने केले. आणि तरुण मंडळींनी ते डोक्यावर घेतले. पंखा असताना कुणी उकाड्यात बसावे, तसे हे झाले. असे का व्हावे?

"जुन्या आठवणींचा उमाळा" असे एक तयार उत्तर यावर मिळते. ते अगदीच खोटे नाही, पण पुरेसेही नाही. त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

या जातीच्या गेमला 'सर्व्हायव्हल हॉरर' म्हणतात. मी आपला सोयीसाठी 'भयखेळ' म्हणणार आहे. नुसत्या गोळीबाराच्या गेममध्ये आणि यात फरक आहे. तिथे खेळणारा शिकारी असतो; इथे तो घरात सापडलेला माणूस असतो. भुते आठ आणि गोळ्या सात, असा इथला सगळा हिशेब. आठव्या भुताचे काय करायचे, या प्रश्नातच खरा खेळ आहे. आपल्याकडे नारायण धारपांच्या आणि रत्नाकर मतकरींच्या भयकथांवर पिढ्या वाढल्या. पण कथेतल्या भयात वाचकाच्या हाती एकच गोष्ट असते, पान उलटणे. वाचकाच्या गोळ्या कधी संपत नाहीत. भयखेळात त्या संपतात, आणि तुम्ही मागच्या खोलीत एक वाया घालवली म्हणून संपतात. भीतीला इथे जमाखर्चाची जोड मिळते, आणि हा जमाखर्च भुतापेक्षा जास्त छळतो.

या परंपरेचे मूळ शोधत गेलो की आपण जपानमध्ये, १९८९ सालाशी येऊन पोचतो. कियोशी कुरोसावा या दिग्दर्शकाचा 'स्वीट होम' नावाचा चित्रपट त्या वर्षी आला, आणि त्याच वर्षी कॅपकॉम या कंपनीने त्याच नावाचा गेम निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी काढला. दिग्दर्शक होते तोकुरो फुजिवारा. गोष्ट अशी की, एका मृत चित्रकाराच्या ओसाड वाड्यातील भित्तिचित्रांची छायाचित्रे घ्यायला पाच जण जातात आणि आत अडकतात. प्रत्येकापाशी एकेक खास वस्तू आहे: कुणाकडे लायटर, कुणाकडे किल्ली, कुणाकडे औषधाची पेटी. त्याखेरीज हातात मावेल तेवढेच घ्यायचे. आणि एखादा मेला की मेला. तो परत येत नाही. पाचांपैकी किती वाचले त्यावर शेवट बदलतो. फॅमिकॉमची चित्रे म्हणजे काय, चौकोनी ठिपक्यांच्या बाहुल्या. त्या बाहुल्यांना पाहून लहान मूलही दचकणार नाही. मग भीती आणायची कुठून? फुजिवारांनी ती उणिवेतून आणली. चित्र घाबरवू शकत नाही ना, मग हिशेब घाबरवील!

दुसरा झरा फ्रान्समध्ये निघाला. १९९२ साली इन्फोग्राम्स या कंपनीने 'अलोन इन द डार्क' हा गेम काढला. त्याचा मुख्य कर्ता फ्रेडरिक रेनाल. अमेरिकेतील लुइझियाना प्रांतातला डेरसेटो नावाचा वाडा, काळ १९२४ सालचा, आणि वाड्याच्या मालकाने गळफास घेतलेला. खेळ माळ्यावर सुरू होतो. खेळणारा शहाणा असेल तर आधी कपाट ढकलून खिडकीशी लावतो आणि पेटारा सरकवून जमिनीतल्या झडपेवर ठेवतो. नसेल तर दोन्ही वाटांनी पाहुणे येतात! पण इथे आपल्याला महत्त्वाची आहे ती निराळी गोष्ट. त्या काळच्या संगणकांना एक अख्खे घर घन आकारात, हलत्या दृष्टिकोनातून रंगवणे झेपत नव्हते. म्हणून रेनालने तडजोड काढली. खोल्यांची चित्रे हाताने रंगवून ठेवायची, स्थिर. आणि त्यांत फक्त माणसे आणि भुते तेवढी घन आकाराची, हलती. चित्र स्थिर म्हणजे कॅमेराही स्थिर. तो कधी छताच्या कोपऱ्यात, कधी जिन्याखाली. नाटकाच्या प्रेक्षकाला विंगेतले जसे दिसत नाही, तसे खेळणाऱ्याला कोपऱ्यापलीकडचे दिसेनासे झाले. पाय वाजतात, पण कुणाचे ते कळत नाही. ही गोष्ट कुणी भीतीचे शास्त्र अभ्यासून काढली नव्हती. यंत्र कमी पडले आणि भीती पदरात पडली.

हे दोन झरे १९९६ साली एकत्र आले. फुजिवारांनी आपल्या हाताखालच्या शिन्जी मिकामी या तरुणाला 'स्वीट होम'च्या धर्तीवर नव्या यंत्रासाठी भयखेळ करायला सांगितले. यंत्र होते सोनीचे प्लेस्टेशन, जपानमध्ये डिसेंबर १९९४ मध्ये विक्रीस आलेले. त्याची मुख्य स्मृती होती दोन मेगाबाइट! आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही तीत मावायचा नाही. अशा यंत्रात वाडा बसवायचा म्हणजे रेनालची युक्ती उचलण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि मिकामींनी ती उचलली. पुढे त्यांनी हे ऋण मान्यही केले. २२ मार्च १९९६ रोजी हा गेम जपानमध्ये 'बायोहॅझर्ड' या नावाने आला. जपानबाहेर तो 'रेसिडेंट ईव्हिल' म्हणून ओळखला जातो.

या वाड्यात जरा थांबू या, कारण उणिवेचे सोने कसे होते ते इथे सगळ्यांत चांगले दिसते.

पहिले म्हणजे दार. एका खोलीतून दुसरीत जाताना पडदा काळा होतो, आणि एक दार सावकाश, करकरत उघडते. कारण काय? तर पुढची खोली सीडीवरून यंत्राच्या स्मृतीत यायला काही सेकंद लागत. ते सेकंद भरून काढायला दार. पण खेळणाऱ्याला सीडी आठवत नाही. त्याला एवढेच कळते की दार उघडते आहे आणि पलीकडे काय आहे ते ठाऊक नाही. श्वास रोखून धरायला ते सेकंद भरपूर होतात.

दुसरे म्हणजे चालणे. कॅमेरा ठिकठिकाणी बदलतो, त्यामुळे डावे-उजवे क्षणात उलटे होई. म्हणून अशी रीत ठेवली की वरचे बटण दाबले की पात्र आपल्या तोंडासमोर चालेल, कॅमेरा कुठेही असो. वळायचे तर जागच्या जागी वळायचे, रणगाड्यासारखे. टीकाकारांनी यावर पुष्कळ तोंडसुख घेतले. पण मागून कुणी येत असताना जागच्या जागी वळायला लागणारा तो वेळ काय असतो, ते ज्याने खेळून पाहिलंय त्यालाच विचारा!

तिसरी गोष्ट माझ्या विशेष आवडीची. खेळ मध्येच थांबवून आपली प्रगती नोंदवून ठेवायची तर वाड्यातल्या टाइपरायटरपाशी जावे लागते, आणि त्यासाठी रिबन लागते. रिबन मोजक्याच मिळतात. म्हणजे मृत्यूपासूनचे संरक्षणसुद्धा शिधापत्रिकेवर! आणि रिबन खिशात ठेवली की तीही जागा अडवते. ख्रिस या पात्राला सहा वस्तू नेता येतात, जिल या पात्राला आठ. बाकीचे पेटीत टाकायचे. (एका खोलीतल्या पेटीत ठेवलेली वस्तू दुसऱ्या खोलीतल्या पेटीत कशी निघते, हे विचारू नये. ते भुतांपेक्षाही गूढ आहे.) औषधी वनस्पती घ्यावी की गोळ्या? किल्ली न्यावी तर सापडणारी वस्तू ठेवायला जागा उरेल का? लांबच्या प्रवासाला निघताना एकाच पिशवीत सगळे बसवणाऱ्या गृहिणीला हा विचार अगदी ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की इथे बांधाबांध चुकली तर जिवावर बेतते.

१९९९ साली कोनामी या कंपनीचा 'सायलेंट हिल' आला. केइचिरो तोयामा हे त्याचे दिग्दर्शक. यांनी रंगवलेली चित्रे सोडून संपूर्ण गाव घन आकारात उभे करायचे ठरवले. प्लेस्टेशनला लांबचे रस्ते आणि घरे एकदम काढणे अशक्य होते. तेव्हा त्यांनी गावावर धुके पसरले, आणि जिथे धुके नाही तिथे अंधार. दहा पावलांपलीकडचे यंत्राने काढायलाच नको! पण त्या धुक्यात आपली हरवलेली मुलगी शोधणारा बाप जेव्हा उतरतो तेव्हा धुके ही तडजोड राहत नाही, ते त्या गावाचे मन होऊन बसते. हा हॅरी मेसन कुणी शिपाई नाही. पळाला की त्याला धाप लागते, नेम धरला की चुकतो. त्याच्यापाशी एक छोटा रेडिओ आहे. त्यावर एकही स्टेशन लागत नाही. मात्र जवळपास काही अभद्र आले की तो खरखरू लागतो. रेडिओची खरखर ऐकून बटण पिळत बसलेल्या आपल्यासारख्या श्रोत्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दिसत काहीच नाही, आणि खरखर वाढत जाते. मला विचाराल तर गेल्या शतकातील करमणुकीत ध्वनीचा यापेक्षा नेमका उपयोग मी पाहिलेला नाही.

पुढचा भाग झटकन सांगतो. यंत्रे सुधारली. २००२ साली मिकामींनीच आपला पहिला खेळ नव्याने सजवून काढला आणि त्यात एक दुष्ट भर घातली: पाडलेले प्रेत जाळले नाही तर काही वेळाने ते अधिक खवळून उठते, आणि जाळायला रॉकेल मोजकेच. २००५ साली त्यांच्याच 'रेसिडेंट ईव्हिल ४' मध्ये कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आला. खेळ फार उत्तम, यात वाद नाही. पण नायक आता जिकडे बघेल तिकडे खेळणारा बघू लागला. कोपरा संपला. मालिकेतली भीती पुढे पुढे पातळ होत गेली आणि बंदुकांचा आवाज वाढत गेला. २०१२ साली आलेल्या सहाव्या भागापर्यंत तर मूळ वाडा ओळखीचाही राहिला नव्हता.

त्याच २०१२ सालची आणखी एक घटना मला फार बोधप्रद वाटते. 'सायलेंट हिल'चा दुसरा आणि तिसरा भाग नव्या यंत्रांसाठी स्वच्छ करून पुन्हा विकायला काढले गेले. स्वच्छ करताना दुसऱ्या भागातले धुके विरळ झाले. आणि काय दिसले? धुक्यामागे काहीच नव्हते! जमीन एका रेषेवर संपत होती, तळ्याच्या पाण्याला उघडी कड होती. धुके असेपर्यंत ज्याचा अंत लागत नव्हता, ते गाव धुके ओसरताच नाटकाच्या कापडी पडद्याएवढे झाले. चाहते संतापले, ते उगीच नाही. आपल्याकडे जुन्या दगडी देवळाला हौशी मंडळी ऑइल पेंट फासतात, तेव्हा आपल्याला जे होते तेच त्यांना झाले. फासणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, हेच तर दुःख.

आता आपण कोड्याकडे परत येऊ. गेल्या दशकात गेम बनवण्याची साधने स्वस्त झाली. एक-दोन माणसांना घरी बसून गेम करता येऊ लागला. १९९० च्या दशकात जी मुले होती ती कर्ती झाली, आणि त्यांनी मोठ्या कंपन्यांनी टाकून दिलेली उणीव उचलली. 'हाँटेड पीएस वन' या नावाखाली जमलेल्या हौशी कर्त्यांनी २०२० साली आपल्या छोट्या खेळांचा एक संचच काढला. २०२१ साली चिली देशातून 'टॉर्मेंटेड सोल्स' आला, स्थिर कॅमेऱ्यासकट. २०२४ च्या मे महिन्यात व्हियान बंधूंचा 'क्रो कंट्री' आला; बंद पडलेल्या करमणूक उद्यानाची ही गोष्ट आहे आणि तिचा काळ १९९० आहे. प्लेस्टेशनचे गणित दशांशात कच्चे होते, त्यामुळे त्याच्या भिंती चालताना किंचित थरथरत. आज ती थरथर आणायला वेगळी आज्ञावली लिहावी लागते. दोष कष्टाने मिळवावा लागतो!

'सिग्नॅलिस' मी दिवाळीच्या सुट्टीत खेळलो. एल्स्टर नावाची एक कृत्रिम स्त्री बर्फाळ ग्रहावर कोसळलेल्या यानात जागी होते आणि आपल्या जोडीदारणीच्या शोधात खाणीच्या एका सरकारी वसाहतीत शिरते. भिंतींवर फलक, खोल्याखोल्यांतून हुकूम, आणि एकेकाळची सहकारी मंडळी आता सडलेल्या देहांनी फिरताहेत. पाडली तरी ती पुन्हा उठतात, थर्माइटची कांडी लावून जाळली तरच निजतात. (रॉकेलाचे घराणे श्रोत्यांच्या लक्षात आले असेलच.) माझ्याजवळ पिस्तूल, त्याच्या गोळ्या, एक औषध, एक कांडी आणि एक किल्ली. एकच जागा रिकामी. पुढच्या खोलीत दोन वस्तू पडलेल्या, आणि वाटेत मी न जाळलेले एक प्रेत. कांडी आत्ता वापरावी तर जागा होते, पण पुढे कांडी लागेल. मी तसाच पाय न वाजवता त्याच्या शेजारून गेलो. जाताना उठले नाही. परतताना उठले.

या खेळातही रेडिओ आहे. एल्स्टरच्या अंगातच तो बसवलेला आहे. खेळणारा स्वतः लहर शोधत जातो. एका ठिकाणी एक आवाज नुसते आकडे वाचत असतो, दुसरीकडे खरखर. काही कुलपे योग्य लहर सापडल्याखेरीज उघडत नाहीत. 'सायलेंट हिल'मध्ये रेडिओ धोका सांगत होता. इथे तो ऐकावा लागतो. पूर्वजांचे ऋण घेऊन वंशजाने त्यात भर घातली, असे याला म्हणता येईल. आणि कॅमेरा? तो इथे बहुतेक वेळ वरून, तिरका बघतो. म्हणजे ही जुन्याची हुबेहूब नक्कल नाही. कर्त्यांनी निवड केली आहे.

याच जागी आठवणींच्या उमाळ्याचे उत्तर अपुरे पडते. एक तर असे पाहा, आजचे 'जुने रूप' खरे जुने नव्हेच. त्या काळी प्लेस्टेशन जोडले जाई काचेच्या फुगीर नळीच्या टीव्हीला. त्या पडद्यावर ठिपके एकमेकांत मिसळत, कडा मऊ दिसत. आज सपाट पडद्यावर जे टोकदार ठिपके आपण 'जुने' म्हणून कौतुकाने पाहतो, ते तसे कुणी पाहिलेच नव्हते! शिवाय हे खेळ आवडीने खेळणारे माझ्या वर्गातले विद्यार्थी १९९६ साली जन्मलेही नव्हते. त्यांना कसला उमाळा येणार? त्यांना आवडते ती कमतरता. बाकी सगळीकडे अमाप चित्रे, अमाप गोष्टी, हवे ते हवे तेव्हा. आणि इथे सहा जागा.

आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या पोराचे डोळे चांगले असतात, म्हणून तर त्यावर फडके बांधावे लागते. ज्याला दिसतच नाही त्याच्यासाठी तो खेळ नव्हे. फुजिवारा, रेनाल आणि तोयामा यांच्या डोळ्यांवरचे फडके यंत्राने बांधले होते. ते सोडायची सोय नव्हती. आजच्या कर्त्यांना डोळे आहेत आणि त्यांनी फडके मागून घेतले आहे. एका अर्थी पहिल्या पिढीने जी गोष्ट अपघाताने केली तिचे नियम दुसऱ्या पिढीने शोधून काढले. वृत्ताचे बंधन कवी स्वतः होऊन घेतो, त्यातलाच हा प्रकार.

अर्थात यात ढोंगालाही जागा आहे, हे नाकारून चालणार नाही. भिंत थरथरली आणि चित्र खरबरीत झाले की आपला गेम भीतिदायक झाला, असे समजणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी धुके घेतले आणि धुक्यातला बाप विसरले. अशा खेळांत गोळ्या ढीगभर मिळतात. दार करकरते, पण पलीकडच्या खोलीची काळजी वाटावी असे खिशात काही राखलेले नसते.

तरीही या नव्या मंडळींचे एक काम मला इतिहासाचा माणूस म्हणून मोलाचे वाटते. २०२३ सालच्या जुलैमध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मार्गाने मिळत नाहीत, असे तीत आढळले. शंभरातले सत्त्याऐंशी! शिलालेख दगडावर असतो म्हणून टिकतो. गेमला त्याचे यंत्र लागते, आणि यंत्र भंगारात गेले की गेमही जातो. जे उरतात त्यांचे धुके कुणीतरी स्वच्छ करायला बसलेले असते. अशा वेळी जुनी रीत जिवंत राहते ती ती वापरणाऱ्यांच्या हातात. मूळ गवय्याचे ध्वनिमुद्रण नसले तरी शिष्याच्या गळ्यातून घराणे ऐकू यावे, तसे.

मिकामींच्या पहिल्या वाड्याचे नशीब त्या मानाने चांगले. १९९७ साली संगणकासाठी निघालेली त्याची मूळ आवृत्ती २०२४ च्या जूनमध्ये पोलंडच्या 'गॉग' या दुकानाने आजच्या यंत्रांवर चालेल अशी करून पुन्हा विक्रीस ठेवली. 'स्वीट होम'च्या वाट्याला तेवढेही आले नाही. ज्या खेळापासून हे सगळे सुरू झाले तो जपानबाहेर कंपनीने कधी विकलाच नाही. काही अनामिक चाहत्यांनी त्याच्या जपानी संवादांचे इंग्रजी भाषांतर करून ठेवले आहे, आणि परदेशातल्या कुणाला त्या वाड्यात शिरायचे असेल तर त्याच दाराने शिरावे लागते.